अर्धी झिलई

आता पडद्यावर जे मडकं दिसतंय, ते नैऋत्य फ्रान्समधलं, कॉन्फीचं. वरचा अर्धा भाग पिवळ्या झिलईचा, खाली नुसती भाजलेली माती. सजावटवाले या दुरंगीपणाला ‘ग्रामीण सौंदर्यदृष्टी’ म्हणतात. मला हे अर्धवट वाटतं.

बघा, बदकाचं किंवा हंसाचं मांस मीठ लावून ठेवायचं, त्याच्याच चरबीत मंद आचेवर शिजवायचं, मडक्यात रचायचं आणि वरून तीच चरबी ओतायची. ती थिजली की हवा बंद. आपल्या लोणच्यावर तेल तरंगतं ना, तसंच. आतून झिलई हवीच, नाहीतर चरबी मातीत मुरणार. बाहेरून मात्र ओघळ येणार ते काठाखाली, कानांभोवती. खालचा भाग तळघराच्या गार जमिनीत पुरलेला. तिथे झिलई खर्चायची कशाला?

म्हणजे ही रेघ काटकसरीनं आखलीय. सुंदर आहे, नाही कसं म्हणू! पण विक्रेते तळ घासून, तेलकट डाग काढून ती विकतात, तेव्हा त्या घरातला हिवाळाच पुसला जातो. फुलदाणी उरते.

आणि हो, कुणी घेतलंच तर त्यात लोणचं घालू नका. जुन्या झिलईत शिसं असतं.