गिअरबॉक्स पास की नापास, हे डेसिबल सांगेल?

आवाज मोजून गिअरबॉक्सच्या उत्पादनाचा दर्जा ठरवायचा, यावरचे पेपर वाचताना एक पद्धत वारंवार भेटते: एक मीटरवर मायक्रोफोन, डेसिबलचा एक आकडा, ठरलेली मर्यादा. आत असेल तर पास. मला ही पद्धत पटत नाही.

समजा, २५ दात्यांचा गिअर मिनिटाला १५०० फेरे घेतोय. शाफ्टची वारंवारिता २५ हर्ट्झ, दाते जुळण्याची ६२५. गिअर किंचित विकेंद्री असेल तर स्पेक्ट्रममध्ये ६०० आणि ६५० वर दोन छोट्या रेघा उठतात. आता गंमत बघा. तो ज्या हॉबिंग मशीनवर कापला, तिच्या इंडेक्स चाकाला १२० दाते असतील आणि त्यात दोष असेल, तर ३००० हर्ट्झवर रेघ येते. आपल्या गिअरबॉक्समध्ये १२० दात्यांचं काहीही नसताना! हिला 'घोस्ट' म्हणतात. दर्जाचा खरा पुरावा हाच, पण एकूण डेसिबलमध्ये तो बुडून जातो. खारदांड्याच्या बंदरावर होडीचं इंजिन बघणारा मेकॅनिकसुद्धा आवाज किती यापेक्षा कसला येतोय हे आधी ऐकतो.

दुसरी अडचण भाराची. हॅरिस यांच्या १९५८ च्या पेपरपासून ट्रान्समिशन एरर हे आवाजाचं मूळ कारण म्हणून चर्चेत आहे, आणि ती भारानुसार बदलते. दात्याच्या टोकाला दिलेला रिलीफ ठरावीक भारासाठी असतो. त्यामुळे बिनभार चाचणीत बरोबर बनवलेला गिअरही जास्त वाजू शकतो, आणि आपण चांगला माल नापास करतो.

पार्श्वभूमीच्या आवाजाबद्दल तर अनेक जण बोलतच नाहीत. मशीन चालू-बंद यात फक्त ३ डेसिबलचा फरक असेल तर गिअरबॉक्सचा आवाज शॉपफ्लोअरच्या गोंगाटाइतकाच आहे. पुण्याच्या एआरएआयसारखी शांत खोली प्रत्येक कारखान्यात कुठून येणार? तिथे केसिंगवर ॲक्सेलरोमीटर आणि सोबत टॅकोमीटर लावलेला बरा.

पद्धत टाकाऊ नाही हो. दात्याचा प्रोफाइल मोजून जुळणीतली चूक कळत नाही. आवाजात ती कळते, तीही बॉक्स न उघडता.

मशीन लर्निंगवाला पेपर हातात आला की अचूकतेच्या टक्क्यांआधी नमुन्यांचा तक्ता उघडा. तीन गिअरबॉक्सच्या रेकॉर्डिंगचे हजारो तुकडे करून तेच ट्रेनिंगला आणि टेस्टिंगला वाटले असतील, तर मॉडेलने दोष ओळखलेला नसून ते तीन बॉक्स पाठ केलेले असू शकतात.