खलपात्राचे आकर्षण : सविकल्प समाधी आणि दैनंदिन मालिका

खलपात्राविषयी प्रेक्षकाला आकर्षण का वाटते, हा नाट्यविचारातील जुना प्रश्न आहे. दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकांनी तो नव्याने उभा केला आहे. 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचे दुसरे पर्व 2019-20 मध्ये झी मराठी वाहिनीवर चालू असताना गेवराई तालुक्यातील तलवाडा या त्वरितादेवीच्या गावी एका घरी मुक्कामाचा योग आला होता. रात्रीची जेवणे आटोपून घरातील मंडळी अण्णा नाईकांची वाट पाहत बसली होती. अण्णा पडद्यावर येताच घरातल्या वृद्ध बाईंनी 'मुडदा बशिवला ह्याचा' म्हणत कडाकडा बोटे मोडली आणि लगेच नातवाला आवाज वाढवायला सांगितले. तिथल्या माणसांना मालवणी बोली निम्मीशिम्मीच कळत होती. नाईकांचा वाडा, भोवतालची माडा-पोफळीची झाडी, सारेच त्यांना परके होते. तरीही शाप आणि औत्सुक्य एकाच श्वासात व्यक्त झाले. या दोहोंचा परस्परसंबंध काय, हे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

या आकर्षणाची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिले असे की, आपल्या दडपलेल्या वासना खलपात्र आपल्यावतीने भोगते. या स्पष्टीकरणाची अडचण अशी की, ते खरे मानले तर प्रत्येक दुष्ट पात्र प्रेक्षकाला ओढून घ्यायला हवे. प्रत्यक्षात मालिकांमधील कारस्थानी सासवा-जावांपैकी बहुतेक जणी मालिका संपताच विस्मरणात जातात. दुसरे स्पष्टीकरण विरेचनाचे. पण सर्वस्वी दुष्ट माणसाच्या अधःपातातून करुणाही जागत नाही आणि भीतीही जागत नाही, असे खुद्द ॲरिस्टॉटलनेच सांगून ठेवले आहे. तेव्हा खलपात्राच्या बाबतीत विरेचनाचा आधार फार दूरवर पुरत नाही.

या संदर्भात न. चिं. केळकरांची सविकल्प समाधीची उपपत्ती पुन्हा पाहण्यासारखी आहे. 1921 साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी ती मांडली. वाचक परक्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे भान हरवत नाही. हे दुहेरी अस्तित्व हेच आनंदाचे मूळ, असा तिचा थोडक्यात आशय. पुढील काळात या उपपत्तीवर पुष्कळ आक्षेप घेतले गेले. मात्र खलपात्राच्या आस्वादाचा उलगडा करताना ती विशेष उपयोगी पडते. सज्जनाच्या भूमिकेत शिरताना आपल्याला फारसे अंतर कापावे लागत नाही, कारण आपण स्वतःला सज्जनच समजत असतो. दुर्जनाच्या भूमिकेत शिरायचे तर लांबचा प्रवास करावा लागतो, आणि तो सुरक्षित असतो तो परतीची वाट उघडी असल्यामुळे. 'एकच प्याला'तील तळीरामाच्या तर्कटावर प्रेक्षक 1919 पासून हसत आला आहे. पण त्याच रंगभूमीवर सिंधूचा संसार धुळीला मिळताना त्याला पाहावा लागतो, आणि काही तासांनी पडदा पडतो. विकल्प शाबूत राहतो तो या रचनेमुळे.

दैनंदिन मालिकेची रचना याहून मूलतः वेगळी आहे. तिला शेवट नको असतो. कथानक लांबवायचे तर कुणीतरी सतत काही घडवत राहिले पाहिजे आणि कुणीतरी सतत सोसत राहिले पाहिजे. मालिकांनी ही कामे ठरावीक पद्धतीने वाटून दिली आहेत: सोसणे सद्गुणाकडे, घडवणे दुर्गुणाकडे. इच्छा, बेत, धाडस, चातुर्य, विनोद हे सारे नाट्यमय गुण खलपात्राच्या वाट्याला येतात. त्यामुळे प्रेक्षक वस्तुतः ओढला जातो तो कर्तृत्वाकडे. मालिकेत ते दुष्टाकडेच शिल्लक राहिलेले असते, एवढेच. 'माझ्या नवऱ्याची बायको' (2016-21) या मालिकेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शनाया लोकांना आवडत होती, हे खरे. पण राधिका रडणे थांबवून मसाल्यांचा व्यवसाय उभारू लागते, तेव्हा तिच्याकडेही प्रेक्षक तितक्याच ओढीने पाहू लागतो. दुष्टतेचेच आकर्षण असते, तर असे घडले नसते.

अण्णा नाईक या पात्राला याखेरीज भाषेचे बळ लाभले आहे. मालिकांतील सज्जन बहुधा धुऊन पुसून इस्त्री केलेली प्रमाण मराठी बोलतात. माधव अभ्यंकरांनी उभे केलेले अण्णा मालवणीत बोलतात; त्या बोलीला जमीनदारीचा तोरा आहे, वखवख आहे, धाक आहे. पहिल्या पर्वात (2016) अण्णांच्या मृत्यूनंतरचे घर दिसले होते. दुसरे पर्व मागे जाऊन त्यांचे जिवंतपण दाखवते. म्हणजे या माणसाचे आणि या घराचे पुढे काय होणार, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. कथेला सुरुवातीपासूनच शेवट असल्याने दैनंदिन मालिकेचा मूळ दोष येथे काहीसा सौम्य होतो. शिवाय घरात माई आहे. नवऱ्याचे सारे चाळे ती जाणून आहे. ती त्याला थांबवू शकत नाही, पण त्याच्या प्रत्येक कृत्याची किंमत तिच्या चेहऱ्यावर आणि तिच्या जिभेवरच्या गाऱ्हाण्यात उमटलेली दिसते. शेवंताचे आकर्षण आणि तिची शोकांतिका याही एकाच पात्रात एकवटल्या आहेत. अण्णांकडे पाहताना प्रेक्षकाला या दोघींना ओलांडून जाता येत नाही.

'देवमाणूस' (2020-21) या मालिकेत हे भान सुटलेले दिसते. 2016 साली सातारा जिल्ह्यातील वाई परिसरात उघडकीस आलेल्या हत्यांची या कथेला पार्श्वभूमी आहे. गावाचा विश्वास संपादन करून बायकांना नादी लावणारा, त्यांचे पैसे-दागिने लुबाडून त्यांचा जीव घेणारा तोतया डॉक्टर तिच्या केंद्रस्थानी आहे. 'लागिरं झालं जी'मध्ये भय्यासाहेब म्हणून लोकप्रिय झालेल्या किरण गायकवाडांनी ही भूमिका कमालीच्या संयमाने केली. मालिकेत पोलीस तपासाचा धागा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तपासाचा प्रत्येक टप्पा त्याच्या निसटण्याच्या कौशल्याचेच निमित्त होतो. मारली गेलेली स्त्री काही भागांपुरती कथेत वावरते आणि मग पुढच्या स्त्रीसाठी जागा रिकामी करते. पहिले पर्व ऑगस्ट 2021 मध्ये संपले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरे सुरू झाले. परतले ते खलपात्र. परतीची वाट ज्या प्रेक्षकासाठी असायला हवी, तो तिथेच राहिला. वर्षभर रोज रात्री अर्धा तास ज्याच्या शेजारी बसावे, त्याच्याविषयीचा विकल्प झिजतो आणि सवय उरते.

महाविद्यालयांतील वर्ग पुन्हा भरू लागले, तेव्हा विद्यार्थ्यांना या मालिकेविषयी विचारले. डॉक्टरच्या लकबी त्यांना पाठ होत्या. मारल्या गेलेल्या स्त्रियांची नावे मात्र एखाद-दुसऱ्या नावापलीकडे कुणाला सांगता येईनात. प्रस्तुत लेखकालाही ती आठवली नाहीत. मालिका मी नेमाने पाहिली होती.

येथे 'सामना' (1975) या चित्रपटाची आठवण होणे अपरिहार्य आहे. विजय तेंडुलकरांच्या पटकथेतील आणि जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनातील हिंदुराव धोंडे पाटील निळू फुले यांनी असा रंगवला की, त्याचा पाहुणचार, त्याची ऐट, त्याचे साम्राज्य पाहून प्रेक्षकही त्या मास्तरांइतकाच दिपतो. पण दारूच्या अमलातले मास्तर नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी विचारायचे थांबत नाहीत. ज्याला आपण धड पाहिलेलेही नाही, तो माणूस चित्रपट संपल्यावर हिंदुरावाइतकाच स्मरणात राहतो. हिंदुरावाचे आकर्षण यत्किंचितही कमी न करता संहिता बळीचा हिशेब चालू ठेवते. महिषासुरमर्दिनीच्या मूर्तीत असुरालाही घाटदार शरीर मिळालेले असते, पण देवीशिवाय त्याची वेगळी मूर्ती आपण पूजेला लावत नाही. या कल्पनेचे मर्मही तेच.

म्हणून खलपात्र आवडते यासाठी प्रेक्षकाला दोष देणे, किंवा मालिकांनी दुष्ट माणसे आकर्षक रंगवू नयेत अशी मागणी करणे, ही समीक्षेची दिशा होऊ शकत नाही. दुष्टता बेंगरूळ दाखवली तर ती खोटी ठरते, कारण प्रत्यक्ष जीवनातही ती मनमिळाऊ चेहऱ्यानेच घरात शिरते. समीक्षेने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या संहितेत बळीची आठवण कोण ठेवते? अण्णांच्या कथेत ती माई ठेवते, हिंदुरावाच्या कथेत मास्तर ठेवतात. जेथे कुणीच ठेवत नाही, तेथे समाधी उरते आणि विकल्प गळून पडतो.

तलवाड्याच्या त्या वृद्ध बाईंना सविकल्प समाधी हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. अण्णांना पाहण्याची ओढ त्यांनी लपवली नाही आणि बोटे मोडायलाही त्या विसरल्या नाहीत. आस्वादाची ही दोन्ही अंगे त्यांच्यापाशी होती. आपल्याला मात्र आवाज वाढवण्याचीच सवय जडत चालली आहे.