तुलनेला पुरुष नसताना समता : सेलिना जॉन निकालाची चिकित्सा

लष्करी परिचर्या सेवेतील स्थायी कमिशनप्राप्त अधिकारी लेफ्टनंट सेलिना जॉन यांना विवाह केल्याच्या कारणावरून १९८८ मध्ये सेवामुक्त करण्यात आले. या कारवाईला १९७७ च्या लष्करी सूचनेचा आधार होता. ती सूचना १९९५ मध्ये मागे घेण्यात आली. परंतु सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १४ फेब्रुवारी २०२४ हा दिवस उजाडावा लागला. विवाहामुळे स्त्रीची नोकरी संपविणारा नियम न्यायालयाने उघडउघड मनमानी आणि पितृसत्ताक ठरविला. परिचारिकांच्या समतेच्या दृष्टीने या निकालाचे महत्त्व आणि त्याच्या मर्यादा तपासून पाहणे आवश्यक आहे.

विवाहाच्या अटीचा प्रश्न न्यायालयापुढे नवा नव्हता. १९७९ च्या मुथम्मा प्रकरणात परराष्ट्र सेवेतील स्त्री अधिकाऱ्यांवरील विवाहविषयक निर्बंधांवर न्यायालयाने कठोर टीका केली. तेथे त्याच सेवेतील पुरुष अधिकारी तुलनेसाठी समोर होते. १९८१ च्या नर्गेश मिर्झा प्रकरणात मात्र हवाई सेविका हा पुरुष कर्मचाऱ्यांहून स्वतंत्र वर्ग मानला गेला. परिणामी पहिल्या गर्भधारणेबरोबर नोकरी संपविणारी अट रद्द झाली, तरी पहिली चार वर्षे विवाह न करण्याची अट टिकून राहिली.

परिचारिकांची अडचण नेमकी हीच आहे. १९४३ च्या अध्यादेशाने लष्करी परिचर्या सेवा स्त्रियांपुरती मर्यादित ठेवली. ज्या सेवेत पुरुषच नाही, तेथे भेदभाव कोणाच्या तुलनेत सिद्ध करावयाचा? १९७६ च्या समान वेतन कायद्यातही समान स्वरूपाचे काम करणारा पुरुष गृहीत धरलेला होता. सेलिना जॉन निकालाने अशा तुलनेची वाट न पाहता नियमच सदोष ठरविला, हे त्याचे खरे योगदान होय.

तथापि निकाल अत्यंत संक्षिप्त आहे. स्वतंत्र वर्गाची भूमिका अशा प्रकरणात का टिकत नाही, याची तपशीलवार मांडणी त्यात आढळत नाही. शिवाय सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या लखनौ खंडपीठाने २०१६ मध्ये पुनःस्थापनेचा आणि थकीत वेतनाचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याऐवजी ६० लाख रुपयांची एकरकमी भरपाई दिली. साडेतीन दशकांनंतर पुनःस्थापना व्यवहार्य नव्हती, हे मान्य करावे लागेल. पण गमावलेली पदोन्नती, सेवाज्येष्ठता आणि व्यावसायिक ओळख यांचे मोल रकमेत होत नाही. विलंबाने मिळालेल्या न्यायात समतेचे रूपांतर नुकसानभरपाईत होते.

परिचर्या आणि प्रसूतिसेवा ही क्षेत्रे मुख्यतः स्त्रियांची राहिली आहेत. त्यामुळे तेथील वेतन, पाळ्या, मातृत्व रजा व बढती यांविषयीचे नियम तपासताना ‘पुरुषाला काय मिळते?’ एवढाच प्रश्न पुरेसा ठरत नाही. हे काम स्त्रिया करतात म्हणूनच हा नियम असा आहे काय, हाही प्रश्न विचारावा लागतो. या निकालाने त्याला आधार दिला आहे. त्याची तात्त्विक बांधणी मात्र अद्याप अपुरी आहे.