‘सापळा’ की ‘चारी’? अतिशीत अणूंच्या परिभाषेची चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेची परीक्षा बहुधा व्युत्पत्तीच्या अंगाने केली जाते. परंतु शब्द वाचकाच्या मनात कोणते चित्र उभे करतो, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होय. चिपवर चुंबकीय क्षेत्राने धरलेल्या अणूंविषयी मराठीत लिहिताना ‘चुंबकीय सापळा’ आणि ‘अतिशीत अणू’ हे शब्द सहज योजले जातात. दोन्ही शब्द सदोष आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सापळ्याला आमिष असते, दार असते; आणि सापडलेल्या प्राण्यावर बळाची पकड असते. येथील वस्तुस्थिती उलट आहे. चिपवरील सूक्ष्म तारेतून १ अँपिअर प्रवाह सोडला आणि तिच्याशी काटकोनात २० गॉसचे एकसारखे क्षेत्र बाहेरून लावले, तर तारेपासून ०.१ मिलिमीटर अंतरावर दोन्ही क्षेत्रे परस्परांना नाहीशी करतात. योग्य अवस्थेतील अणू या दुर्बळ जागीच स्थिरावतात. ही जागा बिंदुरूप नसून तारेला समांतर अशी लांबट असते. नगर जिल्ह्याच्या पाटपाण्याच्या भागात वाढलेला विद्यार्थी तिला ‘चारी’ म्हणेल. तारेची टोके ‘झेड’ अक्षराप्रमाणे वळविली की चारीला दोहोंकडे बांध पडतो. शिवाय तळाचे क्षेत्र शून्यावर येत नाही. ते शून्य झाल्यास अणूची चुंबकीय दिशा पालटून तो निसटू शकतो.

‘अतिशीत’ या शब्दाने बर्फाची पेटी आठवते. परंतु चिपचा पृष्ठभाग खोलीच्या तापमानाचा असू शकतो, आणि त्यापासून केसभर अंतरावर निर्वातात अणू तरंगत असतात! येथे शीतता म्हणजे मंदपणा. खोलीच्या तापमानात रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर धावतो. केल्व्हिनच्या दशलक्षांशावर त्याची गती दीड-दोन सेंटिमीटर उरते. या मंदपणामुळेच अत्यल्प बलाचाही परिणाम मोजता येतो. म्युनिक व ट्युबिंगेन येथे २००१ साली चिपवर बोस-आइन्स्टाइन संघनित सिद्ध झाले. हायडेलबर्ग येथे २००५ साली अशाच संघनिताने चिपवरील चुंबकीय क्षेत्राचे सूक्ष्म चित्रण केले गेले. संवेदन हे येथील खरे प्रयोजन होय.

‘चारी’ही निर्दोष नाही. चारीत पाणी वाहते, येथे अणू थांबतात. आणि चारी वरून उघडी असते, ही चहूबाजूंनी बंद. म्हणून रूढ झालेला ‘सापळा’ संज्ञा म्हणून राहू द्यावा. व्याख्या मात्र ‘चारी’च्या चित्रावर उभारावी.

यात ग्राम्यता मानण्याचे कारण नाही. याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गहन तत्त्वज्ञान लोकव्यवहाराच्या दृष्टांतांनी मराठीत मांडले. राष्ट्रीय क्वांटम अभियानास २०२३ साली मान्यता मिळाली असून त्यातील संवेदन व मापनाचे केंद्र मुंबईच्या आय.आय.टी.कडे आहे. हे शास्त्र आता आपल्या दाराशी आले आहे. त्याला मराठीत नाव देणे पुरेसे नाही. ते मराठीत समजले पाहिजे.