पोर्टिंगचा आकडा म्हणजे स्पर्धेचा पुरावा नव्हे

अर्थशास्त्र, व्यवस्थापन, सार्वजनिक धोरण, कोणत्याही विषयातले संशोधन प्रस्ताव वाचा, दूरसंचारावरचा प्रस्ताव असेल तर त्यात एक युक्तिवाद हमखास सापडतो. मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी आली, नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली, दर महिन्याला लाखो लोक कंपनी बदलतायत, सबब ग्राहकाची ताकद वाढली आणि स्पर्धाही वाढली. पुराव्यादाखल ट्रायच्या मासिक पत्रकातला आकडा जोडलेला असतो.

वाचायला ठीक वाटतं. पण यातल्या "सबब" या शब्दावर जेवढा भार टाकलाय, तेवढा तो पेलत नाही. का पेलत नाही, ते या पोस्टमध्ये बघू. तुम्ही पीएचडीच्या प्रवेशाची किंवा प्रस्तावाची तयारी करत असाल, तर आकड्याकडून दाव्याकडे जाताना पाय कुठे घसरतो हे समजायला हे उदाहरण चांगलं आहे.

आकडा नेमका कशाचा?

भारतात ही सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. तेव्हापासूनच्या विनंत्यांची एकूण बेरीज २०२४ मध्ये १०० कोटींच्या पुढे गेली. देशातली मोबाइल जोडण्यांची संख्या साधारण ११५ कोटी. आता कोणीही भागाकार करेल आणि म्हणेल, जवळजवळ प्रत्येकाने एकदा तरी कंपनी बदललीच की!

थांबा. पत्रकात मोजलेल्या असतात त्या विनंत्या. माणसं नाहीत. एकदा पोर्ट केल्यावर ९० दिवसांनी तोच नंबर पुन्हा पोर्ट करता येतो. त्यामुळे ऑफरमागे फिरणारा एकच ग्राहक या बेरजेत पाच-सात वेळा असू शकतो आणि पंधरा वर्षं एकाच कंपनीत असलेली तुमची आत्या एकदाही नसते. शिवाय ११५ कोटी जोडण्या म्हणजे ११५ कोटी माणसं नव्हेत, कारण अनेकांच्या खिशात दोन सिमं असतात. थोडक्यात अंश एका गोष्टीचा, छेद दुसऱ्याच गोष्टीचा आणि उत्तर तिसऱ्याच गोष्टीबद्दल.

मोजपट्टी मध्येच बदलली

समजा तुम्ही २०११ पासून आजपर्यंतची मालिका घेऊन आलेख काढलात. १६ डिसेंबर २०१९ या तारखेवर एक उभी रेघ मारा. त्याआधी १९०० वर एसएमएस केला की पोर्टिंग कोड द्यायची ती जुनी कंपनीच. ज्या कंपनीला सोडून चाललात, तिच्याच हातात दाराची किल्ली! ग्राहक नियमात बसतो की नाही याची तपासणी नंतर व्हायची आणि त्या टप्प्यावर विनंत्या फेटाळल्या जायच्या. नव्या नियमात तपासणी आधी होते. बिल थकलंय का, ९० दिवस झालेत का, मालकी बदलण्याची प्रक्रिया चालू आहे का, हे आधी बघितलं जातं. ग्राहक पात्र असेल तरच कोड तयार होतो आणि तो देते पोर्टिंगची व्यवस्था सांभाळणारी स्वतंत्र संस्था. एकाच सर्कलमधलं पोर्टिंग कामाच्या ३ दिवसांत आणि दुसऱ्या सर्कलमधलं ५ दिवसांत व्हायला हवं, असंही ठरलं.

म्हणजे अपात्र माणूस पूर्वी जिथे अडायचा, त्याच्या बराच आधी आता अडतो. रेघेच्या दोन्ही बाजूंना "विनंती" या शब्दाचा अर्थ एकच आहे असं गृहीत धरून ट्रेंड काढला, तर ग्राहकाच्या वागण्यातला बदल कुठला आणि प्रक्रियेतला कुठला, हे वेगळं करता येणार नाही. त्यात हा बदल लागू होण्याआधी काही दिवस नव्या विनंत्या घेणंच बंद होतं. त्या महिन्यातला खड्डा "ग्राहकांचं समाधान वाढलं" म्हणून वाचला गेला तर काय म्हणायचं?

जे मोजलंच गेलं नाही

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. पोर्टिंगची सुरुवात एसएमएसने होते. मग ज्या रिचार्जमध्ये एसएमएसच नाही, त्या ग्राहकाने काय करायचं? स्वस्त प्लॅनमध्ये एसएमएसची सोय नसल्याने लोकांना बाहेर पडता येत नाही, अशा तक्रारी ट्रायकडे गेल्या. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायला आदेश काढावा लागला की प्लॅन कोणताही असो, १९०० वर पोर्टिंगचा एसएमएस जाऊ द्यायलाच हवा.

या आदेशाआधी असे किती लोक अडकले होते? आकड्यात ते दिसूच शकत नाहीत, कारण त्यांची विनंती जन्मालाच आली नाही. आणि ही माणसं होती कोण? कमीत कमी रिचार्जवर फोन चालू ठेवणारी. गावाकडचे आईवडील, रोजंदारीवरचे कामगार, फक्त ओटीपीसाठी सिम जिवंत ठेवणारे पेन्शनर. ज्यांच्यासाठी ग्राहकाच्या ताकदीचा प्रश्न सर्वांत खरा, तेच नमुन्यातून गळाले. तुमच्या प्रबंधाच्या निष्कर्षावर उद्या कोणी धोरण आखणार असेल, तर ही गळती साधी तांत्रिक बाब राहत नाही.

उलट बाजूनेही गळती आहे. कोड मागितला की जुन्या कंपनीचा फोन येतो, "सर, तुमच्यासाठी खास प्लॅन आहे", आणि माणूस थांबतो. इथे स्पर्धेने काम केलं, पण पोर्टिंग झालं नाही. दुसरा माणूस पोर्टिंगच्या भानगडीत न पडता फोनच्या दुसऱ्या खाचेत नव्या कंपनीचं सिम घालतो आणि जुनं नुसतं मिस्ड कॉलपुरतं ठेवतो. त्याने कंपनी बदलली, पण तीही नोंद नाही.

गेला, की घालवला?

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या पुस्तकात असमाधानी ग्राहकापुढचे दोन मार्ग सांगितले, निघून जाणे आणि आवाज उठवणे. पोर्टिंगवरचं बरंच लिखाण प्रत्येक निघून जाण्याला "निवड" समजतं. पण २०१७ च्या अखेरीला रिलायन्स कम्युनिकेशन्सने व्हॉइस सेवा गुंडाळली, २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली, आणि त्यांच्या ग्राहकांनी नंबर वाचवण्यासाठी पोर्ट केलं. घर कोसळलं म्हणून बाहेर पडलेल्याला तुम्ही "स्थलांतराची निवड केलेला" म्हणाल का?

जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले, आणि पुढचे काही महिने बीएसएनएलचे ग्राहक वाढले. हेही पोर्टिंगच्या आकड्यात मिसळलेलं आहे. पण ते स्पर्धेचं लक्षण म्हणायचं की स्पर्धा आटल्याचं? २०११ मध्ये बाजारात डझनभर कंपन्या होत्या. आज तीन खासगी आणि सरकारी बीएसएनएल. पोर्टिंग चढतंय आणि कंपन्या घटतायत, अशा दोन रेषा शेजारी असताना फक्त एक दाखवून "स्पर्धा वाढली" म्हणणं मला मान्य नाही. पोर्टेबिलिटीने कंपन्या बुडवल्या, असं मी म्हणत नाहीये. तो दावासुद्धा तितकाच कच्चा ठरेल.

मग चांगलं संशोधन कसं दिसतं?

ब्रायन व्हायर्ड यांचा २००७ चा अभ्यास बघा. अमेरिकेत १९९३ मध्ये ८०० ने सुरू होणारे टोल-फ्री नंबर पोर्टेबल झाले. किती जणांनी पोर्ट केलं, यावर त्यांनी भर दिला नाही. त्यांनी एटी अँड टीचे कंपन्यांशी झालेले करार घेतले. काही करारांत टोल-फ्री वापर जास्त, काहींत कमी. पोर्टेबिलिटीने खरंच फरक पडला असेल, तर टोल-फ्री जास्त असलेले करार तुलनेने जास्त स्वस्त व्हायला हवेत. तसे ते झाले. इथे मोजली ती किंमत, आणि तुलनेसाठी कमी परिणाम होणारा गट शेजारीच होता.

भारतात असं काही करता येईल? हरियाणा आठ आठवडे आधी सुरू झालं, त्यामुळे तो नैसर्गिक प्रयोग वाटतो. पण आठ आठवड्यांत कुठली कंपनी धोरण बदलणार, तेही देशभर हेच येणार हे माहीत असताना? ३ जुलै २०१५ ही तारीख जास्त आशादायक आहे. त्याआधी पोर्टिंग फक्त सर्कलच्या आत होतं. पुणे महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये, मुंबई स्वतंत्र सर्कल. पुण्याचा नंबर घेऊन मुंबईत नोकरीला आलेल्याला रोमिंग सोसा नाहीतर नंबर सोडा, असा पर्याय होता. त्या तारखेपासून सर्कल ओलांडणाऱ्यांना नवी मुभा मिळाली, जागेवर असलेल्यांच्या बाबतीत काही बदललं नाही. तुलना शक्य आहे. अडचण अशी की ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली आणि बाजाराचं सगळं गणित बदललं. स्वच्छ खिडकी मिळते जेमतेम चौदा महिन्यांची.

आणखी एक सापळा. १ जुलै २०२४ पासून सिम बदलून घेतल्यावर ७ दिवस पोर्टिंग कोड मिळत नाही. "पोर्टिंगमधला विलंब" हे चल घेतलंत तर हा नियम ग्राहकविरोधी दिसेल. पण तो आलाय सिम-स्वॅपची फसवणूक रोखायला. नंबर हातचा गेला तर आज बँक खातंही जातं. २०११ मध्ये नंबर म्हणजे ओळखीच्यांनी आपल्याला गाठायचा पत्ता होता, आता ती तिजोरीची चावी झाली आहे. त्यामुळे कंपनी बदलण्याची "किंमत" हीच संकल्पना आतून बदललेली आहे, आणि जुन्या व्याख्येवर नवं मोजमाप बसवता येणार नाही.

हा विषय घेणार असाल तर प्रस्ताव लिहिण्याआधी एक काम करा. ट्रायची मासिक पत्रकं संकेतस्थळावर मोफत मिळतात. २०१८ आणि २०२४ या दोन वर्षांची चोवीस पत्रकं उतरवून घ्या. तक्त्यात विनंत्यांच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने करा: त्या महिन्यात कुठली कंपनी बंद पडली, कुठला नियम बदलला, दर वाढले का. मग तुमच्या प्रस्तावातलं "सबब" असलेलं वाक्य पुन्हा वाचा आणि ते तसंच ठेवायचं का, ते ठरवा. तक्ता तयार झाला की इथे कमेंटमध्ये टाका, आपण त्यावर बोलू.