आंदणापलीकडची कॅथरिन

नांदुऱ्याहून रेल्वेने मुंबईस जाणाऱ्या आपल्या मुलांना एक वाक्य पाठ असते: ‘पोर्तुगालच्या राजकन्येसोबत मुंबई आंदण दिली.’ या वाक्यात देणाऱ्याचा उल्लेखच नाही, हा माझा पहिला आक्षेप. देणारी होती कॅथरिनची आई, लुईझा. राजा जुआंव चौथा १६५६ साली निवर्तल्यावर राज्याची धुरा तिच्याकडे आली. स्पेनशी युद्ध पेटलेले, इंग्लंडचे साहाय्य निकडीचे. म्हणून १६६१ च्या तहात तांजिअर, मुंबई आणि भरघोस रोकड. आपल्याकडे लेकीबरोबर भांडीकुंडी धाडतात. येथे माणसांसकट बेट गेले! त्यांत आपले ख्रिस्ती बांधवही होते. त्यांना कोण विचारतो?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विवाहानंतर ही स्त्री आपल्या लेखनातून नाहीशीच होते. १६६२ साली ती चार्ल्स दुसरा याची राणी झाली. पतीने स्वतःची प्रेयसी बार्बरा पामर हिलाच तिच्या अंतःपुरात मानाची जागा दिली. अपत्य झाले नाही. १६७८ मध्ये तिच्यावर राजाला विष देण्याच्या कटाचा आळ आला. तथापि त्याच चार्ल्सने तो आळ झिडकारला, घटस्फोटाचा सल्लाही मानला नाही, आणि १६८५ मध्ये मरणशय्येवर तिचीच कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्याला निव्वळ स्वैराचारी ठरविणाऱ्यांनी याचा उलगडा करावा.

पुढे ती माहेरी परतली. आईप्रमाणेच तिनेही, बंधू पेद्रो याच्या वतीने, १७०४ पासून राज्य सांभाळले. ३१ डिसेंबर १७०५ रोजी लिस्बनमध्ये तिचा अंत झाला.