शास्त्राचा अधिकार आणि भाषांतरकाराचा निर्णय : पंडिता रमाबाईंच्या मराठी बायबलच्या संदर्भात

प्रस्तावना :
शास्त्रलेख ईश्वरप्रेरित आहे, ही तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील (३:१६) धारणा बहुतेक ख्रिस्ती पंथांना मान्य आहे. मतभेद आहे तो अर्थ लावण्याच्या अधिकाराविषयी. कॅथलिक पंथ शास्त्राबरोबर चर्चची परंपराही प्रमाण मानतो. प्रॉटेस्टंट पंथाने शास्त्रालाच अंतिम प्रमाण मानले. पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) कार्यात या वादाला मराठी रूप लाभले.

विवेचन :
रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी बायबलचे प्रामाण्य स्वीकारले; चर्चने लावलेला अर्थ मात्र निमूटपणे मान्य केला नाही. स्त्रियांना वेदाधिकार नाकारणाऱ्या परंपरेतून आलेल्या विदुषीची ही भूमिका सुसंगतच म्हणावी लागेल.

केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) येथील मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर हे याच भूमिकेचे कार्यरूप होय. प्रेरणा मूळ वचनात आहे, म्हणून मूळ भाषांचा आधार. शास्त्र सर्वांसाठी आहे, म्हणून अल्पशिक्षित स्त्रीलाही उमजेल अशी सोपी मराठी.

तथापि, हिंदू धर्मकल्पनांशी निगडित संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. कोणता शब्द त्याज्य, हे मूळ ग्रंथ सांगत नाही. ते भाषांतरकार ठरवतो. म्हणजेच चर्चला नाकारलेला अर्थनिर्णयाचा अधिकार येथे भाषांतरकाराकडे येतो. याउलट रेव्ह. ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) अभंग व कीर्तन या भक्तिपरंपरेतील रूपांतूनच ख्रिस्तानुभव मांडला. परंपरेचे शब्द रमाबाईंना अडसर वाटले, तर टिळकांना वाहक वाटले.

समारोप :
या अंतर्विरोधामुळे रमाबाईंच्या कार्याचे मोल कमी होत नाही. भाषांतरकाराचा निर्णय मूळ संहितेशी ताडून तपासता येतो. मात्र मूळ भाषा न जाणणाऱ्या वाचक स्त्रीला भाषांतरकारावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते, ही या प्रकल्पाची मर्यादा होय. तरीही मुक्ती मिशनमधील स्त्रियांना साक्षर करून छपाईच्या कामातही सहभागी करून घेण्यात आले, ही बाब महत्त्वाची ठरते. शास्त्राचा अधिकार मानणे आणि वाचकाला वाचण्यास समर्थ करणे, या दोन गोष्टी रमाबाईंनी वेगळ्या मानल्या नाहीत.